सगळ्यांना दोन, एकाला तीन

३ फेब्रुवारी, सोमवार

या महिन्याची कविता आली. सुनंदाताई गायकवाड शहाडहून स्वतः आणून देऊन गेल्या. चहा घेतला नाही, घाईत होत्या. त्यांनीच मासिकातून निवडलेली; झेरॉक्सवरचं कवीचं नाव नेहमीप्रमाणे कापलेलं. नाव त्यांच्याकडे बंद पाकिटात, चर्चा संपल्यावरच उघडायचं. काव्यमंडळ सुरू केलं तेव्हा हा नियम मीच घातला. नाव दिसलं की लोक कविता वाचत नाहीत, कवी वाचतात. मोठा असला तर माना डोलवतात, ओळखीचा असला तर सांभाळून घेतात. निःपक्षपातीपणा म्हणून काही असतो की नाही?

या वेळी रसग्रहण माझ्याकडे. तेवीसला, रविवारी, देवधरांच्या हॉलमध्ये.

कवितेचं नाव 'दरबार'. विषय सत्ता आणि हिंसा. एकदा वाचली. बरी आहे.

पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या आज पुन्हा चामट. मंदा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मऊ पोळी म्हणून खाल्लेली नाही.

५ फेब्रुवारी

कविता हाताने उतरवून काढल्याशिवाय मला कळत नाही. जुनी सवय. इथेही उतरवतो.

दरबार अकराला भरतो.
ज्याचा गुन्हा, काठी त्यानेच आणायची.
कुंपणावरून. हिरवी. सोलून.
बारीक आणली तर परत जा.

हात पुढे.
रडायचं नाही, दरबारात रडत नाहीत.

सगळ्यांना दोन.
एकाला तीन.
एकाचा नंबर शेवटी.
तिसरी का, कुणी विचारत नाही.
तिसरी न्यायाची.
न्याय सगळ्यांना दिसला पाहिजे.

राजा वाईट नाही.
राजाला कविता पाठ आहेत.
राजाचा आवाज गोड आहे.

संध्याकाळी आई
कोमट पाण्यात कणीक भिजवते,
म्हणते, मळ.
बोटं मिटत नाहीत, तरी मळ.

राजा जेवायला बसतो.
म्हणतो,
आज पोळ्या मऊ झाल्यात.

बावीस ओळी. यमक नाही, छंद नाही. तरी लय आहे. हुकमाची लय.

६ फेब्रुवारी

दरबार म्हणजे शाळेचा वर्ग, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कवी शाळा, मास्तर, फळा यांतला एकही शब्द वापरत नाही. त्यामुळे कविता वर्गात अडकत नाही, कुठल्याही सत्तेची होते. ही रूपकाची ताकद. नोंद केली.

ज्याचा गुन्हा त्यानेच काठी आणायची. चांगली ओळ. सत्ता स्वतःचं हत्यारसुद्धा रयतेकडून मागवते. आता हे मीही करत असे. कल्याणच्या शाळेत मागच्या कुंपणाला निरगुडी होती, पोरांना पाठवायचो. तेव्हा सगळेच शिक्षक पाठवत, त्यात सत्ता-बित्ता काही नव्हती. वर्गात शिस्त होती एवढंच.

'एकाला तीन'. म्हणजे कवी कुणा मास्तरांचा मुलगा दिसतो. आमचा निखिल सहावी-सातवीला माझ्याच वर्गात होता, त्यालाही मी एक जास्त देत असे. द्यावीच लागे. नाहीतर गाव म्हणणार, मास्तरांनी पोराला झुकतं माप दिलं. तत्त्व म्हणून दिली, रागाने कधीच नाही. आणि आता हा कोण कवी, चाळीस वर्षांनी बापाचं उट्टं काढतोय. बिचारे मास्तर.

९ फेब्रुवारी, रविवार

बाळकुमला निखिलकडे फोन केला. सूनबाईने उचलला. "बाबा, निखिल बाहेर गेलाय." मागून त्याचा आवाज येत होता, नातवाला, ईशानला, बूट कुठे ठेवलेस म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बरं. प्राजक्ता वाईट मुलगी नाही. खोटं बोलताना तिचा आवाज पडतो.

चार वर्षं झाली याला. ईशान सहा वर्षांचा, तेराचा पाढा घेत होतो. तेरा चोक चुकला. फूटपट्टीने तळहातावर एक. एकच, तीही हलकी. पोरगं रडलंसुद्धा नाही. निखिल आतून आला. ईशानला उचलून आत नेलं, बाहेर येऊन मोबाईलवर रिक्षा बोलावली आणि माझी पिशवी दारात आणून ठेवली. "रिक्षा खाली उभी आहे." बस. तेव्हापासून दिवाळीला मेसेज, तोही तयार छापील.

एका पट्टीला एवढी शिक्षा? डोंबिवली ते बाळकुम किती लांब आहे? निखिल असा वागतो, जणू मी सातासमुद्रापार राहतो.

तरी दर रविवारी फोन करतो. करणार.

१२ फेब्रुवारी

मेडिकलमध्ये बी.पी.च्या गोळ्या आणायला गेलो. दुकान संदेश पाटीलचं, माझा विद्यार्थी, निखिलच्याच वर्गातला. गिऱ्हाइकांसमोर वाकून नमस्कार केला. "सरांच्या छडीने घडलो आपण." सगळी दुकानातली माणसं बघायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. असे भेटले की निखिलची आठवण जास्त येते. ज्याला सगळ्यात जास्त घडवला तोच काय तो अबोल.

१६ फेब्रुवारी, रविवार

रसग्रहणाचा पहिला खर्डा झाला. थोडक्यात मुद्दे:

वाक्यं आखूड. मधली जागा मोकळी. जिथे मार बसतो तिथे कवी एक शब्द लिहीत नाही, 'हात पुढे' म्हणतो आणि 'रडायचं नाही' वर जातो. मधली काठी वाचणाऱ्याने आपल्याच हातावर घ्यायची. हे फार चांगलं जमलंय. 'एकाचा नंबर शेवटी' इथे ताण वाढवायची युक्ती. राजा वाईट नाही, गोड आवाजाचा आहे, कविता म्हणतो. साधा खलनायक केला असता तर कविता पडली असती. क्रौर्य आणि रसिकता एका माणसात दाखवणं याला ताकद लागते.

संपूर्ण कवितेत 'मी' नाही. मार खाणारा स्वतःला 'एक' म्हणतो. वस्तुनिष्ठता. आजच्या आत्मरडव्या कवितेत हे दुर्मीळ.

दोष: शेवट. सत्तेची एवढी बांधीव कविता एकदम स्वयंपाकघरात शिरते. आई काय, कणीक काय, पोळ्या काय. विषयांतर. शेवटच्या सात ओळी कापल्या तर कविता दुप्पट धारदार होईल. हे मी स्पष्ट मांडणार. देवधरांना आवडणार नाही, त्यांना आई दिसली की डोळे भरतात.

फोन केला. उचलला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

देवधरांकडून आत्ताच आलो. लिहायला हवं, नाहीतर

पाणी प्यायलो.

सात जण होते. मी छान बोललो, निदान वाचलं छान. 'दरबार अकराला भरतो' म्हणताना आवाज लागला होता. मुद्दे मांडले, शेवटी म्हणालो, या सात ओळी भावुक आहेत, कवीला मोह आवरला नाही, आईला आणल्याशिवाय मराठी कवीला चैन पडत नाही. लोक हसले.

सुनंदाताई हसल्या नाहीत. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, मंडळात कमीच बोलतात. म्हणाल्या, "सर, चुकताय तुम्ही. हे विषयांतर नाही, हे औषध आहे."

मी म्हटलं, कसलं औषध?

"शाळेतून मार खाऊन आलं की हात सुजतो, मूठ वळत नाही. शहाडच्या चाळीत आमची आई पण हेच करायची. कोमट पाण्यात कणीक भिजवायची आणि म्हणायची, बस मळत. ऊब लागते, बोटं हळूहळू सुटतात. आणि कुणी विचारलं तर काय, पोर आईला मदत करतंय. घरातल्या माणसाला कळत पण नाही."

मग म्हणाल्या, "हात दुखत असला की माणूस जोर न लावता खूप वेळ मळतो. म्हणून त्या पोळ्या मऊ होतात, सर. राजा त्या पोराचा मार खातोय आणि वर तारीफ करतोय. शेवट कापलात तर राहिलं काय कवितेत?"

देवधर वा वा म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवली. मला माझ्या कल्याणच्या जुन्या घरातला ओटा दिसला. त्याच्यापाशी पाटावर उभा राहून परातीत हात घालून मळणारा निखिल. बारा वर्षांचा. दप्तर अजून पाठीवरच. आणि मी दारातून आत येताना म्हणतोय, "काय रे, आचारी व्हायचंय का?"

मंदा पाठमोरी. वळली नाही.

रोज नाही मळायचा तो. कधीतरी. आज कळलं कधी ते.

सुनंदाताईंनी पाकीट काढलं. मी म्हणालो, आज उघडू नका. देवधर म्हणाले, "सर, तुमचाच नियम!" मी पाकीट सुनंदाताईंच्या हातातून घेतलं. जवळजवळ ओढून घेतलं. चप्पल घातली आणि निघालो. छत्री तिथेच राहिली, फेब्रुवारीत छत्री का नेली होती कोण जाणे.

पाकीट टेबलावर आहे.

२४ फेब्रुवारी

उघडलेलं नाही. निखिल कविता करत नाही. त्याला कवितेचा कंटाळा होता, पाठांतरात अडखळायचा. अडखळला की मी...

पुराव्याशिवाय काही धरायचं नाही. कणीक हजार घरांत मळतात. सुनंदाताईंच्या घरातही मळत होते.

पण "आज पोळ्या मऊ झाल्यात" हे वाक्य कुठल्या घरात म्हणायचे? मी म्हणायचो. ताटावर बसून, पहिला घास मोडताना. मंदाला उद्देशून, कौतुकाने. माझ्याकडून तिचं तेवढंच कौतुक व्हायचं. ती काही बोलायची नाही, मला वाटायचं लाजते. निखिल समोर बसलेला असायचा. डाव्या हाताने जेवायचा. डाव्या हाताने जेवतो म्हणून मी त्याला रागावलोही आहे.

सहा वर्षं मी मंदाच्या हाताच्या मऊ पोळ्या आठवतोय.

मंदाने एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. तत्त्व सांगितलं असतं. तिला ते पाठ होतं म्हणूनच ती बोलली नाही.

आज जेवलो नाही.

२५ फेब्रुवारी

संदेशच्या मेडिकलमध्ये गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. गोळ्या अजून शिल्लक आहेत, कारण काही सांगता येईना. सरळ विचारलं, "संदेश, तेव्हा दुखायचं का रे?"

तो हसला. "सर, काय आज एकदम? दोन तर असायच्या. आम्ही विसरून जायचो मधल्या सुट्टीपर्यंत."

मी गेलो नाही, उभा राहिलो. त्याने काउंटरवरचं बॉक्स इकडचं तिकडे केलं. मग खाली बघत म्हणाला, "निखिलचं मात्र बघवायचं नाही, सर. तिसरी तुम्ही जरा... म्हणजे जोरात असायची. आम्ही मग ठरवलेलं. सगळ्यांनी आधी हात पुढे करायचे, निखिलला शेवटी ठेवायचं. ज्यांचं काही चुकलेलं नसायचं ते पण रांगेत घुसायचे. त्याच्यापर्यंत येईस्तोवर सरांचा हात दमला पाहिजे."

"दमायचा का?"

"नाही ना, सर."

पाणी देऊ का म्हणाला. नको म्हटलं.

म्हणजे 'एकाचा नंबर शेवटी' ही ताण वाढवायची युक्ती नाही. दहा-बारा पोरांनी आपले हात मध्ये घातले होते. मला ते चाळीस मुलांच्या वर्गातून दिसलं नाही. मला वाटायचं, निखिल मागे लपतो, भित्रा आहे. ते मी त्याला सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. आणि त्या भित्रेपणासाठी तिसरी जरा जोरात.

तत्त्व म्हणून दिली, रागाने कधीच नाही, असं मी या वहीत सहा तारखेला लिहिलंय. खोडत नाही. राहू दे तसंच.

२६ फेब्रुवारी

सकाळी अंघोळ करून पाकीट उघडलं. अंघोळ करून का, ते विचारू नये.

सुनंदाताईंचं वळणदार अक्षर. 'निखिल मंदाकिनी.'

एवढंच. आडनाव नाही. माझं नाव नाही. हल्ली बरेच जण आईचं नाव लावतात, मी मंडळात त्यावर एकदा टिंगलही केली होती. सुनंदाताईंना कळणं शक्यच नव्हतं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही.

माझा मुलगा कवी आहे. चांगला कवी आहे. हे मला नाव झाकल्यामुळे कळलं. नाव दिसलं असतं तर मी पहिल्या ओळीपासून चुका काढल्या असत्या.

आज रडलो. मंदाच्या वेळीही एवढा नव्हतो रडलो. दाराची कडी लावली होती, तरी वाटत होतं कुणी बघेल. सत्तरी उलटली तरी दरबारात रडत नाहीत.

२७ फेब्रुवारी

खर्डा फाडला. पुन्हा लिहायला बसलो.

'मी' नाही, ही वस्तुनिष्ठता, असं मी लिहिलं होतं. तसं नाही ते. शाळा लिहिली असती, मास्तर लिहिलं असतं, मी लिहिलं असतं, तर ओळखणाऱ्यांनी मला ओळखलं असतं. कल्याणात अजून लोक मला वाकून नमस्कार करतात. त्याने त्यातल्या कुणालाही सुगावा लागू दिला नाही. दरबार, राजा, काठी. सगळं दूरचं केलं. स्वतःचं नाव जपायचं म्हणून ज्याला मी मार दिला, तो अजून मला झाकतोय.

आणि 'राजा वाईट नाही'. ही ओळ मी तंत्र म्हणून वाखाणली. विरोधाभास म्हणालो. हे तंत्र नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत असेल का? ही ओळ लिहायला त्याला काठी खाण्यापेक्षा जास्त लागलं असेल. दहा वेळा वाचली आज. मला त्या ओळीचा आधार घ्यायची लाज वाटते आणि तरी घेतोय.

ईशानच्या तळहातावरची ती पट्टी त्याने पाहिली तेव्हा त्याला काय दिसलं असेल? आणि मी म्हणत होतो, एकच, हलकी.

२८ फेब्रुवारी

सुनंदाताई छत्री घेऊन आल्या. मंडळाच्या फाइलला लावायला रसग्रहणही हवं होतं. दर महिन्याचं लावतो आम्ही. नवीन लिहिलेलं दिलं. पहिलं वाक्य: 'या कवितेतला राजा मी आहे, त्यामुळे हे रसग्रहण पक्षपाती आहे.' तीन पानं. बसून सगळं वाचलं त्यांनी. चष्मा काढून पदराने पुसला. चहा आज मीच केला, तो निवून गेला.

"सर, त्याला दाखवलंत?"

"नाही. तो फोनवर येत नाही."

"मग फाइलचं नंतर बघू." पानं घडी करून माझ्याच हातात परत दिली. "आधी आम्ही सात जणांनी वाचायचं आणि मग त्याने, असं नको. पहिल्यांदा पण सगळ्यांसमोरच केलंत ना, सर."

आवाज चढवला नाही. जाताना दार हळू ओढून घेतलं. मला नोकरीत इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं.

१ मार्च

उद्या रविवार. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. तीन ओळी. पाठ करतोय. 'निखिल, तुझी कविता वाचली. माझं चुकलं. एवढंच सांगायला फोन केला.' चार वेळा म्हटलं, चार वेळा दुसऱ्या ओळीवर अडखळलो. पाठांतराला अडखळणं म्हणजे काय ते कळलं. बाळकुमला जायचा विचार केला होता, पण बोलावल्याशिवाय त्याच्या दारात उभं राहायचा हक्क मला नाही. फोनच बरा. फोन त्याला न उचलता येतो.

२ मार्च, रविवार

केला. घड्याळ नंतर पाहिलं, बरोबर अकरा वाजले होते.

प्राजक्ताने उचलला. म्हटलं, "निखिल आहे का?"

मला वाटलं, बाहेर गेलाय म्हणेल. म्हणाली, "आहे, बाबा. पण त्याचे हात कणकेत आहेत. रविवारी पोळ्यांचं तोच बघतो."

आवाज पडला नव्हता तिचा. खरं बोलत होती. मागे परात ओट्यावर सरकल्यासारखं ऐकू आलं.

"काही निरोप देऊ का?"

पाठ केलेलं सगळं गेलं. एक शब्द आठवेना. म्हटलं, "मळू दे त्याला. घाई नाही. हात धुतले की..." ती म्हणाली, "सांगते, बाबा." ईशान मागून विचारत होता, आई कुणाचा फोन. तिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

निरोपाचा कागद समोर ठेवलाय, फोन आला तर बघून वाचेन. लाज कसली. केंद्रात पोळ्या आणायला गेलो नाही, जिन्यात रेंज जाते.

दीड वाजला. पोळ्या होऊन जेवणंही झाली असतील त्यांची. हात केव्हाच धुतले असतील.